पेनड्राइव्ह-लॅपटॉपला बिटलॉकर कसं लावावं: खरा घोळ ४८ आकड्यांचा

सेतू केंद्र, ग्रामपंचायत आणि घर अशा फेऱ्या मारणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये आधारचे स्कॅन असतात, पासबुकाची पहिली पानं असतात, पीक विम्याचे फॉर्म असतात. तो एसटीत पडला की ज्याला सापडेल त्याला सगळं उघडं. लॅपटॉपचंही तेच. विंडोजचा पासवर्ड असला तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फायली दिसतात. ‘फोल्डर हिडन करून ठेवा’ असं सांगणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

खरा उपाय बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावणारी विंडोजमधलीच सोय. विंडोज १० किंवा ११ ची प्रो आवृत्ती असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करा, ‘टर्न ऑन बिटलॉकर’ निवडा. विंडोजच्या होम आवृत्तीत असा पेनड्राइव्ह उघडतो, पण तयार करता येत नाही. तिथे मोफत मिळणारं, असंच कुलूप लावणारं व्हेराक्रिप्ट वापरा. मात्र त्याला बिटलॉकरसारखी रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर कामी येणारी जादा किल्ली, नसते. पासवर्ड विसरला की विषय संपला.

बिटलॉकरचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, तुम्ही पंधराचा ठेवा. टाकताना कीबोर्ड मराठीवर नाही ना, ते खाली घड्याळाजवळ बघा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ही चूक हमखास होते, आणि घरी तोच पासवर्ड ‘चुकीचा’ निघतो.

आता रिकव्हरी की. आठ गट, प्रत्येकात सहा आकडे, एकूण ४८. पासवर्ड विसरलात तर हीच शेवटची वाट, मायक्रोसॉफ्टकडेही दुसरी नाही. विंडोज ती फाइलमध्ये सेव्ह करायला सांगतं आणि लोक ती डेस्कटॉपवर टाकून मोकळे होतात. पुढे त्याच लॅपटॉपची डिस्क लॉक झाली की किल्लीही आतच. ऑनलाइन अकाउंटवर ठेवणं वाईट नाही, पण धारणी-भामरागडकडे ऐन वेळी रेंज नसली तर ती कामाची नाही. म्हणून कागद हवाच.

कागदावर बॉलपेननं लिहा. जेल पेनची शाई ओलीनं पसरते. सोबत स्क्रीनवरच्या की-आयडीची, म्हणजे कोणती किल्ली कोणत्या ड्राइव्हची ते सांगणाऱ्या खुणेची, पहिली आठ अक्षरं लिहा, नाहीतर तीन ड्राइव्ह झाले की कोणता कागद कशाचा ते कळत नाही. मग कॅल्क्युलेटर घ्या आणि प्रत्येक गटाला ११ नं भागा. पूर्ण भाग जायलाच हवा, किल्लीची रचनाच तशी आहे. ३४५६२० ला जातो. घाईत ३४५२६० लिहिलं असेल तर जात नाही, म्हणजे आकडे उलटसुलट झाले. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबारा, फेरफार ठेवता त्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. उघड्या फळीवर वाळवी सोडत नाही. आणि लॅपटॉपच्या बॅगेत तर मुळीच नको.

नवीन लॅपटॉपची गोष्ट याहून बेकार. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं सुरुवात केली की एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं हेच कुलूप, आपोआप चालू होतं आणि की त्या अकाउंटमध्ये जाते. दुकानदारानं घाईत स्वतःच्या ईमेलवर सेटिंग करून दिलं असेल तर तुमची किल्ली त्याच्याकडे! सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद करा, डिस्कचं कुलूप पूर्ण निघू द्या, स्वतःच्या अकाउंटनं लॉगिन करून पुन्हा चालू करा. बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट किंवा मदरबोर्डचं काम निघालं तर आधी की हाताशी ठेवा. मशीन सुरू होताना ती मागितली जाऊ शकते.

पेनड्राइव्हचं पुढचं सोपं. जुन्या पेनड्राइव्हला ‘एन्टायर ड्राइव्ह’ निवडा, कारण डिलीट केलेल्या फायली रिकाम्या दिसणाऱ्या जागेत शिल्लक असतात. मोड विचारला की ‘कम्पॅटिबल’ निवडा, म्हणजे ड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरवरही उघडतो.

३२ जीबीच्या जुन्या पेनड्राइव्हला तास-दीड तास सहज जातो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम करू नका, लाईन कधी जाईल नेम नाही. चार्ज असलेल्या लॅपटॉपवर करा. मध्येच ड्राइव्ह काढायचा असेल तर आधी ‘पॉज’ दाबा. तसाच ओढून काढला तर फायली खराब होऊ शकतात. मूळ फायलींची दुसरी प्रत आधीच काढलेली असावी, हे गृहीत धरतोय.

संपलं की पेनड्राइव्ह इजेक्ट करून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. पासवर्ड विचारेल, टाकू नका. ‘मोअर ऑप्शन्स’मधून ‘एन्टर रिकव्हरी की’ निवडा आणि कागदावरचे ४८ आकडे बघून टाइप करा. उघडला, तरच बाहेर उघड्यावर पडलेल्या जुन्या फायली पुसा.