दुर्बिणीतून क्लिप बसवल्यानंतर नातेवाइकांनी घ्यायची काळजी

जठरातून किंवा आतड्यातून होणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी रुग्णाला दुर्बिणीतून क्लिप बसवली असेल, तर घरी निघण्यापूर्वी क्लिप किती बसवल्या, त्या कोणत्या कंपनीच्या व मॉडेलच्या आहेत आणि त्या पोटात असताना एमआरआय चालतो की नाही, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. आपल्याकडे उपचार ठाण्यात, स्कॅन वाशीत आणि पुढची तपासणी कळव्यात, असे अनेकदा घडते. अशा वेळी रुग्णासोबत फिरणारी फाइल हीच खात्रीची नोंद असते.

क्लिप म्हणजे धातूचा छोटा चिमटा. तो दुर्बिणीतल्या अरुंद मार्गातून पुढे सरकवला जातो, रक्त येणारी वाहिनी आजूबाजूच्या ऊतीसह पकडून मिटवला जातो आणि मग दांड्यापासून सुटा केला जातो. १९७५ मध्ये जपानमध्ये ही पद्धत प्रथम मांडली गेली. यात ऊती जाळावी लागत नाही, हा मोठा फायदा आहे. अल्सरमधून जोरात रक्त येत असल्यास केवळ ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन पुरेसे ठरत नाही. त्याच्या जोडीला क्लिप किंवा उष्णतेचा उपचार करावा लागतो.

आतड्याला छिद्र पडले असल्यास ते लवकर लक्षात येणे निर्णायक असते. सुमारे १ सेंटिमीटरपर्यंतचे छिद्र साध्या क्लिपने बंद करता येऊ शकते, तर त्याहून मोठ्या छिद्रासाठी दुर्बिणीच्या टोकावर बसवून आणली जाणारी मोठी क्लिप वापरतात. त्यानंतर डॉक्टर सांगतील तोपर्यंत रुग्णाला तोंडाने काहीही देऊ नये. ताप आला, पोट कडक झाले किंवा दुखणे वाढले, तर त्याच क्षणी सांगावे, कारण तेव्हा शस्त्रक्रियेची गरज असू शकते.

रक्ताची उलटी झाल्यावर ॲसिडिटी समजून थंड दूध पाजण्याची सवय घराघरांत आहे. ती कटाक्षाने टाळावी, कारण भरलेल्या पोटात दुर्बिणीला नीट दिसत नाही आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

अल्सरचा रक्तस्राव पुन्हा सुरू होण्याचा धोका पहिल्या ७२ तासांत सर्वाधिक असतो. म्हणून रुग्णाला बरे वाटत असले तरी घरी नेण्याची घाई करू नये. आत साचलेल्या जुन्या रक्तामुळे काही दिवस शौच काळी होऊ शकते आणि लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी दिसते. मात्र चिकट, डांबरासारखी शौच वारंवार होऊ लागली, चक्कर आली, घाम फुटला किंवा ताजे रक्त दिसले, तर १०८ वर फोन करावा.

ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी स्वतःहून बंद करू नये आणि स्वतःहून सुरूही करू नये. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यांच्या बाबतीत हा निर्णय पोटाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. सांधेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. अल्सर असल्यास हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी झाली आहे का, हे विचारावे; रक्तस्रावाच्या काळात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून नंतर पुन्हा करावी लागते.

क्लिप बहुधा काही आठवड्यांत आपोआप गळून शौचावाटे निघून जाते, परंतु काही क्लिप कित्येक महिने टिकतात. त्यामुळे मध्यंतरी एमआरआयची वेळ आल्यास केंद्रात नाव नोंदवतानाच क्लिपची माहिती द्यावी आणि मॉडेल कळत नसेल, तर क्लिप अजून आत आहे का हे पाहण्यासाठी आधी पोटाचा एक्स-रे काढण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.