गोल्फच्या ग्रीनवर या चुका टाळा: आधी ती गाळाची ट्रॉली परत पाठवा

शेतकरी जी हरळी उपटून धुऱ्यावर फेकतो, तिच्याच जातकुळीतलं बर्म्युडा गवत आपण ग्रीनवर, म्हणजे चेंडू ज्या खड्ड्यात टाकायचा त्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चार-पाच मिलिमीटरला कापून जपतो. म्हणून कामावर आलेल्या प्रत्येक पोट्ट्याला वाटतं, शेती येते म्हणजे ग्रीनही जमतं.

सगळ्यात महाग पडते ती मातीची चूक. एका कोर्सवर उन्हाळ्यात जवळच्या मालगुजारी तलावाचा गाळ निघत होता. कोणीतरी मॅनेजरच्या डोक्यात भरवलं की गाळ म्हणजे सोनं. धानाच्या बांधीत असेलही. यांनी तो चाळून ग्रीनवर बोटभर पसरवला. सुरुवातीला ग्रीन असं हिरवंगार झालं की फोटो काढले गेले. मृग बरसला आणि त्याच ग्रीनवर पाणी साचलं. मला बोलावलं तेव्हा होल कटरने (ग्रीनवरचा खड्डा पाडायच्या गोल हत्याराने) मातीची एक कांडी काढली. खाली रेती, वर काळा पट्टा, आणि नाकाजवळ नेली तर सडक्या अंड्याचा वास. मुळं पट्ट्यातच आडवी पसरलेली. बारीक माती पाणी धरून बसते, खालच्या जाड रेतीत सहजी सोडत नाही. हवा बंद, मुळं गुदमरलेली.

यावर झटपट औषध नाही. पोकळ टाइनने (नळीसारख्या दात्याने) भोकं पाडा, निघालेल्या कांड्या उचलून बाहेर टाका, भोकं धुतलेल्या रेतीने भरा. हे होळीच्या सुमारास, मग पोळ्यानंतर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. गवत जोमात वाढत असतानाच भोकं भरून येतात. डिसेंबरात पाडलेली तशीच उघडी राहतात. रेतीचे बहुतेक कण 0.25 ते 1 मिलिमीटरचे हवेत, आणि रेती दरवेळी एकाच प्रकारची. मी मूठभर रेती बाटलीतल्या पाण्यात हलवून ठेवतो. वर चिखलाचा थर बसला की ट्रॉली परत, ड्रायव्हर कितीही कटकट करो.

दुसरी खोड पाण्याची. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) रोज संध्याकाळी शिंतोडे मारले की मुळं वरच राहतात, आणि रात्रभर ओलं राहिलेलं पान बुरशीला आयतं मिळतं. पाणी पहाटे, खोलवर. दुपारी फक्त पान गार करण्यापुरती हलकी फवारणी. खारपाणपट्ट्यात असाल तर बोअरचं पाणी आधी तपासून घ्या.

युरिया भर दुपारी हाताने फेकू नका, पट्टे जळतात. पावसाळ्यात आभाळ भरून असेल तर मोवर (गवत कापायचं यंत्र) थोडा वर करा. ऊन कमी असताना खोल कापणी गवताला झेपत नाही. लव्हाळा नुसता खुडून उपयोग नाही, गाठ खालीच राहते.

आणि मोवरचं रील, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचा रूळ. त्यात वर्तमानपत्राची पट्टी धरून हाताने फिरवून बघा, बोटं लांब ठेवून. कागद कापला न जाता दुमडला, तर त्या दिवशी कापणी बंद. बोथट पात्याने पानांची टोकं फाटून पांढरी पडतात, आणि मग हेच लोक रोग समजून बुरशीनाशक आणायला धावतात.