हौशी आतषबाजीचा परवाना मिळाल्यानंतरची कागदपत्रे

अमेरिकेत मोठ्या प्रदर्शनी आतषबाजीसाठी एटीएफ या संघीय संस्थेचा वापरकर्ता परवाना तीन वर्षांसाठी मिळतो. तो हाती येताच त्यावरील नाव, पत्ता आणि मुदत तपासून घ्यावी.

खरे काम नोंदवहीचे आहे. माल आल्यानंतरच्या कामकाजाच्या दिवसाअखेरपर्यंत त्याची तारीख, उत्पादकाचे नाव, खोक्यावरील ओळखखूण, शेलची (आकाशात उडवून फुटणाऱ्या गोळ्यांची) संख्या व आकार, तसेच विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक लिहावा लागतो. ‘शेल, एक खोके’ अशी नोंद चालत नाही; ‘तीन इंची शेल, ७२ नग’ असे स्पष्ट लिहावे आणि खोके फोडण्यापूर्वीच त्याच्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा, कारण फाटलेल्या पुठ्ठ्यावरची खूण नंतर कोणालाच वाचता येत नाही. कोठारातून माल आत-बाहेर झाला, की किती आला, किती गेला व किती उरला, याचा गोषवारा वेगळा लिहावा. या नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात.

साठवण सुरू होईल त्याच दिवशी स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्यांना तोंडी, तर ४८ तासांच्या आत लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवावी. कोठाराची पाहणी दर सात दिवसांनी करावीच लागते; तिचीही तारीख व सही टिपून ठेवणे शहाणपणाचे. चोरी किंवा तूट आढळल्यास २४ तासांत एटीएफ आणि स्थानिक पोलिसांना कळवावे. राज्याचे व गावाचे नियम निराळे असतात, म्हणून त्यांची फाइल स्वतंत्र ठेवावी.