परसातल्या कोंबड्यांची थंडी: पडदा खालून, हवा वरून

येळवस (मार्गशीर्ष अमावस्येचा सण) जवळ आली की मराठवाड्यात रात्रीचा पारा झपाट्यानं उतरतो. दुपारी २८-३० अंश आणि पहाटे ८-१०. परभणीत तो ५ अंशांपर्यंत गेल्याचीही वर्षं आहेत. अंगावर पुरती पिसं आलेली धडधाकट कोंबडी एवढा गारठा सहज काढते. तिला मारते ती ओल, अंगावर येणारा झोत आणि कोंडलेली हवा. गारठ्याच्या भीतीनं खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की झोत थांबतो, पण ओल आणि घाण हवा आतच राहते. आठवडाभरात शिंका, घशातली खुरखुर आणि डोळ्यांतून पाणी सुरू.

इथला थंड वारा उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणून पडदा आधी त्या बाजूंना. ज्यूटची दोन बारदानं एकावर एक शिवून घ्यावीत. पडद्याची खालची कड भिंतीशी पक्की ठोकायची, वरच्या कडेला दोरी बांधायची आणि दोरीनं पडदा खालून वर ओढायचा. छताखाली एक फूट जागा उघडी ठेवायची. कोंबड्या खाली बसतात, तिथं वारा लागत नाही. गरम दमट हवा वरून निघून जाते. बहुतेक जण पडदा वरून खाली सोडतात आणि खालची फट तशीच राहते, म्हणजे झोत नेमका पोटाला. सकाळी आठच्या सुमारास ऊन आलं की पडदा उतरवावा. दक्षिणेची जाळी दिवसभर मोकळी ठेवावी, हिवाळ्याचं ऊन तिकडूनच आत येतं.

पत्र्याच्या छताचं वेगळं दुखणं असतं. पहाटे पाच वाजता पत्र्याला आतून हात लावून पाहा. तळवा ओला झाला, तर कोंबड्यांच्या श्वासाचं आणि विष्ठेचं पाणी गार पत्र्यावर जमून त्यांच्याच अंगावर ठिबकतंय. वरची फट वाढवा आणि पत्र्यावर कडब्याचा किंवा उसाच्या पाचटाचा सहा इंचांचा थर टाकून दोरीनं जखडा. तिथंच कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसून दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले, तर तो विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू. उभ्या माणसाला तो कळत नाही, कोंबडी मात्र रात्रभर त्यातच असते.

खाली लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं चार ते सहा इंच पसरावीत आणि दर तीन-चार दिवसांनी खालीवर करावीत. मूठभर भुसा घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, लगेच भुरभुरला तर कोरडा, जरा चिकटून फुटला तर बरोबर. ओला भाग काढून टाकावा. त्यावर नुसता कोरडा भुसा पसरून भागत नाही, खाली रक्ती हगवणीचे जंतू वाढत राहतात. बुरशीचा वास येणारा भुसा तर फुकट मिळाला तरी नको.

बसायला दोन-अडीच इंच रुंद लाकडी पट्टी हवी, सपाट बाजू वर, जमिनीपासून दीड-दोन फूट. त्यावर कोंबडी बसली की बोटं छातीच्या पिसांखाली झाकतात. लोखंडी पाइप टाळा, तो पायातली ऊब ओढून घेतो. बर्फाळ मुलखातले लोक तुऱ्याला व्हॅसलिन फासतात, ते तुरा गोठू नये म्हणून. आपल्याकडं त्याची गरज नाही.

खाणं थंडीत वाढतं. अंड्यावरच्या कोंबडीला एरवी ११०-१२० ग्रॅम लागत असेल, तर आता त्यात दहाएक ग्रॅम धरा. संध्याकाळी बसायच्या तासभर आधी दोन-तीन कोंबड्यांत मिळून एक मूठ मका, ज्वारी किंवा बाजरी टाका. अंधार पडल्यावर गळ्याखालची थैली चाचपून पाहा: भरलेली, टणक लागली तर रात्र नीट जाईल. पण दिवसभर नुसतं धान्यच दिलं तर प्रथिनं कमी पडून अंडी घटतात. घरात सोयाबीन आहे म्हणून कच्चंच घालू नका, त्यातल्या घटकांमुळं प्रथिनं पचत नाहीत. नीट भाजून, भरडूनच द्या. सरकीची पेंड जनावरांसाठी राहू द्या, तिनं बलकाचा रंग बिघडतो. परतीच्या पावसात भिजलेला, काळपट पडलेला मका कुणालाच नको, त्यातलं बुरशीचं विष यकृतावर जातं.

पाणी रात्रीचं ठेवू नये. सकाळी बोअरचं ताजं पाणी कोमट असतं, तेच भरावं. गार पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी कमी झालं की खाणंही घटतं.

डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, अंड्यासाठी १४ तास उजेड लागतो. ही तूट पहाटे चारला एलईडी बल्ब लावून भरून काढा. संध्याकाळी लावलात, तर बल्ब विझताच अंधार होतो आणि निम्म्या कोंबड्या खालीच राहतात.

पिल्लांचं गणित निराळं. पहिले चार-पाच आठवडे ती स्वतःची ऊब धरू शकत नाहीत. पिल्लांच्या पाठीच्या उंचीला थर्मामीटर ठेवून पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंशांनी कमी. ५० पिल्लांना पत्र्याचा दीड फूट उंच, चार-पाच फूट व्यासाचा गोल आणि मध्ये ६० वॅटचे दोन बल्ब. एक गेला तरी दुसरा असतो. इथं जुना तारेचा बल्बच हवा, एलईडी उजेड देतो, ऊब नाही. बल्ब तारेनं टांगा, भुशावर पडला की आग लागते. पिल्लं येण्याआधी पाच-सहा तास बल्ब चालू हवा. नंतर थर्मामीटरपेक्षा पिल्लंच खरं सांगतात: बल्बखाली ढीग झाला तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडली तर उष्मा, सगळी एकाच बाजूला दडली तर समोरून झोत येतोय.

वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या बारदानात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको, तिच्या वासहीन वायूनं पिल्लं मरतात, जवळ झोपलेलं माणूसही. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी असेल तर तिच्याइतकं चांगलं यंत्र नाही. मात्र थंडीत तिच्याखाली बारा-तेराऐवजी नऊ-दहाच अंडी ठेवा, कडेची गारठतात.

राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस थंडी पडायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास उरकावी. त्यातली लासोटा ही लस पाण्यातून देणार असाल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको, आणि लिटरला पाच ग्रॅम साय काढलेली दूध पावडर आधी मिसळा. आठवडी बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवा. हिरवट-पांढरी विष्ठा आणि मान वाकडी दिसली तर तो पक्षी लगेच बाजूला काढून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली तरी पडदे एकदम काढू नका. आधी पूर्वेचा काढा. उत्तरेचा आणखी आठ-दहा दिवस राहू द्या.