जपानी कॅम्पेन फसते कुठे? या चुका टाळा

"अरे, सगळं झकास आहे, पण यात जपान कुठाय?" पहिल्या सेशनच्या चहाच्या वेळी एका खेळाडूने विचारलं. टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायच्या रोलप्ले गेममधली ही माझी जपानी कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट. तिच्यासाठी मी तीन आठवडे खपून नकाशा रंगवला होता. लांब तलवारीला कताना म्हटलं होतं, बिअरच्या जागी साके ओतली होती. बाकी कारभार जुनाच: खानावळीत भेटलेले चार अनोळखी वीर, भिंतीवर इनामाचं फर्मान, गुहेत मोहरांनी भरलेली पेटी. युरोपच्या अंगावर किमोनो चढवला होता, एवढंच.

हजार वर्षांची भेळ

बहुतेकांची कॅम्पेन इथेच फसते. हेआन काळातला दरबार (794 ते 1185), तानेगाशिमा बेटावर 1543 मध्ये उतरलेली बंदूक आणि 1603 नंतरच्या शांततेत कमरेला दोन तलवारी खोचून धन्याकडून तांदळाचा पगार घेणारा सामुराई, हे सगळे एकाच गावात नांदवायचे तर खुशाल नांदवा. कल्पनेचंच जग आहे. पण बंदूक आली की मागोमाग 1575 ची नागाशिनोची लढाई येते, तटबंदीआडून गोळ्या झाडणारे साधे प्यादे येतात, आणि एकट्या तलवारबाजाचा भाव पडतो. म्हणून आधी एक शतक पकडा.

माझं मत दहाव्या-अकराव्या शतकाला. तिथे मांत्रिक चक्क सरकारी नोकर असतो! पंचांग, ग्रहगती आणि शकुन बघायला दरबाराचं वेगळं खातंच होतं. आबे नो सेइमेई (921 ते 1005) हा त्या विद्येतला सगळ्यात गाजलेला माणूस. एखादी दिशा त्या दिवशी अशुभ निघाली की दरबारी मंडळी आदल्या रात्री भलत्याच दिशेला मुक्काम ठोकत आणि तिथून वळसा घालून जात. हा एवढा नियम टेबलावर आणून बघा. प्रवासाचा कंटाळवाणा भाग गोष्टीत बदलतो, कारण तो मुक्काम कोणाच्या घरी पडणार हे गोष्ट चालवणारा गेम मास्टर ठरवतो.

राक्षसही त्याच काळाचे घ्या. वातानाबे नो त्सुना हा योद्धा एका ओनीचा (शिंगवाल्या राक्षसाचा) हात छाटून घरी आणतो, तर ओनी त्याच्या म्हाताऱ्या मावशीचं रूप घेऊन येतो आणि "बघू तरी तो हात" म्हणत पळवून नेतो. असा आयता सीन सोडून लोक ड्रॅगन का शोधत बसतात, कळत नाही.

लूट वाटतानाही शतक आठवा. 958 नंतर दरबाराने कित्येक शतकं स्वतःची नाणी पाडलीच नाहीत; व्यवहार तांदूळ आणि कापडावर चाले. पेटीत मोहरांऐवजी रेशमाचे तागे ठेवलेत की "हे उचलणार कोण?" हा प्रश्न पडतो. पावसात तर विचारूच नका.

"माझा धर्म मला हे करू देत नाही"

असं म्हणून एखादा सामुराई दर दहा मिनिटांनी खेळ अडवत असेल, तर चूक त्याची नाही. तुम्ही त्याला बुशिदोची, म्हणजे सामुराईच्या आचारधर्माची, छापील नियमावली दिली आहे. ती संहिता मुख्यतः पुढच्या शांततेच्या काळात आकाराला आली, आणि नितोबे इनाझो यांचं त्यावरचं गाजलेलं पुस्तक तर थेट 1900 मधलं, तेही इंग्रजीत. जुना योद्धा आपल्या पेशाला घोडा आणि धनुष्याचा मार्ग म्हणत असे. दोन मीटरहून लांब धनुष्य, मूठ मध्याच्या बरीच खाली, तलवार नंतर.

आणि त्याला हवी असे जमीन. 1274 च्या मंगोल स्वारीत लढलेला ताकेझाकी सुएनागा बक्षीस मिळेना म्हणून क्यूशू बेटावरून थेट कामाकुरा या योद्ध्यांच्या राजधानीपर्यंत दाद मागायला गेला, आणि पुढे आपला पराक्रम चित्रांच्या लांबलचक गुंडाळीवर रंगवून घेतला. काळ जरा पुढचा आहे, पण हे वापराच. आता मी अब्रूचे गुण देत नाही. लढाई संपली की एकच विचारतो: साक्षीदार कोण होता?

भुतावर तलवार चालवणारे खेळाडू

सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान मंत्री दाझाइफूला हद्दपारीत 903 मध्ये वारला. 930 मध्ये राजवाड्यावर वीज पडून माणसं मेली, तेव्हा लोक म्हणाले, हा त्याचाच कोप. उपाय काय झाला? हुद्दे तर आधीच परत दिले होते; मग क्योतोत कितानोला देऊळ बांधलं, पुढे आणखी मरणोत्तर बढतीही दिली. आज परीक्षेआधी मुलं त्यालाच नमस्कार करतात. असं भूत तीनशे हिट पॉइंट (मार सोसायचे गुण) देऊन उभं केलंत, तर खेळाडू ते कापणारच. त्याची तक्रार काय आहे, हे आधी लिहून ठेवा.

क्लेरिकचा, म्हणजे खेळातल्या पुजारी पात्राचा, घोळ यातूनच सुटतो. मृत्यूचा स्पर्श झाला की लागणारं 'केगारे' आपल्याला समजवावं लागत नाही, सुतक माहीत असतं. माझ्या मंडळींनी ओनी मारला आणि रक्ताच्या हातांनी देवळाच्या तोरी कमानीखालून आत शिरू लागली. पुजाऱ्याने अडवलं. अर्धा तास कुरकुर झाली. पुढच्या मोहिमेत मात्र त्यांनी आपणहून ठरवलं की एकीने प्रेताला हात लावायचा नाही, म्हणजे देवळात जायला कोणीतरी उरेल.

एक चूक खास मराठी टेबलावरची. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, एन्मा म्हणजे यम, कांगितेन म्हणजे गणपती, हे कळलं की हुरळून सगळं सांगून टाकावंसं वाटतं. मी कांगितेनचं वर्णन केलं, हत्तीच्या तोंडाच्या दोन मूर्ती आलिंगनात. कोणीतरी "मोरया!" ओरडलं आणि पुढची वीस मिनिटं मोदकात गेली. खरं तर ही मूर्ती सहसा झाकलेलीच असते. पुढच्या गटाला मी नुसतं बंद लाकडी देव्हारं दाखवलं आणि समोर ठेवलेला पांढरा मुळा. टोक्योत आसाकुसाच्या माचुचियामा देवळात अजूनही मुळाच वाहतात. तीन सेशन झाली, दार उघडायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.