नानकटाई पसरते, कंदील वाकडा होतो: दिवाळीआधी या चुका टाळा

नानकटाई बिघडली की दोष कृतीला दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ शोधला जातो. पण बहुतेक कृती एकमेकींच्या चुलत बहिणीच असतात. घोळ होतो तो तुपात आणि आचेत.

आधी प्रमाण. मध्यम आकाराच्या साधारण 30 नानकटायांना 200 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बेसन, 25 ग्रॅम बारीक रवा, 150 ग्रॅम साजूक तूप, 125 ग्रॅम पिठीसाखर, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. वाटीने मोजायची सवय असेल तर निदान तूप तरी वजनावर घ्या. फेटून हलकं झालेलं वाटीभर तूप आणि पातळ केलेलं वाटीभर तूप यांच्या वजनात बराच फरक पडतो, आणि नेमकं तिथेच गणित चुकतं.

तूप पातळ असणं ही सगळ्यात मोठी चूक. दिवाळी ऑक्टोबरात आली तर मुंबई-कोकणच्या उकाड्यात बरणीतलं तूप अर्धं पातळच असतं. गायीचं तूप तर म्हशीच्या तुपापेक्षा लवकर विरघळतं. अशा तुपात फेटताना हवा धरली जात नाही आणि ओव्हनमध्ये पीठ सेट व्हायच्या आत ते वाहून जातं. मग ताटलीत गोळे न राहता चपट्या चकत्या होतात. तूप 10-15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. बोट दाबलं की खड्डा पडावा, पण तूप दगडासारखं कडक नसावं. त्यात पिठीसाखर घालून रंग पांढरट होईपर्यंत फेटा. हाताने 8-10 मिनिटं लागतात, बीटरने निम्मी. इथे कंटाळा केला तर सोड्याने ती कसर भरून निघत नाही. जास्तीचा सोडा साबणासारखी चव देतो आणि नानकटाई आणखी पसरवतो, एवढंच.

तुपाऐवजी बटर घ्यायचं असेल तर लक्षात ठेवा, बटरमध्ये सुमारे 16 टक्के पाणी असतं. पाणी मैद्याला लागलं की पीठ चिवट होतं आणि खुसखुशीतपणा जातो. नानकटाई तुपाचीच करावी, बटरची बिस्किटं वेगळी करावीत.

पीठ मळणं. हे कणकेसारखं मळायचं पीठ नाही. मैदा, बेसन, रवा, सोडा, बेकिंग पावडर दोनदा एकत्र चाळून तुपात घाला आणि बोटांनी फक्त गोळा करा. मूठ वळली की थांबा. गोळा होत नाही म्हणून दूध शिंपडणारे बरेच असतात. त्याऐवजी एक छोटा चमचा तूप घाला. साखरही चाळूनच घ्या, कारण जाड कण राहिले तर ते वितळून वर तपकिरी ठिपके उठतात.

गोळे साधारण 18 ग्रॅमचे, एकमेकांपासून दोन बोटं लांब. वरून अंगठ्याने हलकेच दाबा. वर भेगा पडायला हव्यात, ती नानकटाईची खूण आहे. भेगाच पडल्या नाहीत तर पीठ ओलं झालंय किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता.

पहिला घाणा टाकण्याआधी एकच नानकटाई भाजून बघा. पसरली तर उरलेल्या पिठात दोन मोठे चमचे मैदा मिसळून गोळे 20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. कोरडी फुटून पडली तर तूप वाढवा. हे एवढं केलं तरी सगळं पीठ वाया जाण्याची वेळ येत नाही. आणि दुसरा घाणा गरम ट्रेवर कधीही लावू नका. तूप ट्रेवरच वितळायला लागतं.

आच. ओटीजी 160 अंशांवर 10 मिनिटं आधी तापवा, ट्रे मधल्या खणात ठेवा आणि 18-20 मिनिटं भाजा. साधा मायक्रोवेव्ह यासाठी चालत नाही, कन्व्हेक्शन मोड लागतो. धातूचा ट्रे ठेवणार असाल तर मोड दोनदा तपासा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत दीड-दोन वाट्या मीठ, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर 10 मिनिटं, मग ताटली ठेवून मंद आचेवर 20-25 मिनिटं. नॉनस्टिक कढई मात्र अशी कोरडी तापवायची नाही, तिचा थर खराब होतो. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा.

वरून रंग येण्याची वाट पाहू नका. एक नानकटाई उलटवून बघा, बूड फिकट सोनेरी झालं की झालं. बाहेर काढल्यावर ती मऊच लागते, गार होताना कडक होते. "अजून कच्ची आहे" म्हणून पाच मिनिटं जास्त ठेवली की तिचा दगड होतो. 10 मिनिटं ट्रेवर, मग जाळीवर, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. कोमट भरलीत तर वाफ धरून मऊ पडते; तशी पडलीच तर 150 अंशांवर 5-7 मिनिटं परत भाजून गार करा. चकलीच्या डब्यात ठेवू नका, तूप दुसरा वास लगेच ओढून घेतं.

आता कंदील. घरी करायला पारंपरिक आकार सोपा असतो, फक्त काड्या सारख्या हव्यात. 24 कामट्या घ्या, प्रत्येक 20 सेंटीमीटर, आणि त्यांचे सहा चौकोन बांधा. चार चौकोन कोनावर उभे करून बाजूला, एक वर, एक खाली, आणि कोपऱ्याला कोपरा जोडायचा. मधल्या जागेत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. एक काडी अर्धा सेंटीमीटर जरी लांब राहिली तरी पूर्ण सांगाडा पिळतो, आणि मग कागद कितीही कौशल्याने लावला तरी सुरकुत्या पडतात. काड्या एकत्र जुडी करून टोकं घासून सारखी करा. सगळे कोपरे आधी सैल बांधा, सांगाडा सरळ बसला की मगच दोरा आवळा.

कागद चिकटवायला खळ पुरते: दोन मोठे चमचे मैदा एक वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळा. पातळ राहिली तर पतंगाच्या कागदाचा रंग उतरतो. किडे लागू नयेत म्हणून काहीजण खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, फराळाच्या ओट्यावर आणि मुलांच्या हाताशी नको. खळ कागदाला नाही, काडीला लावायची. कागद कडेने एक सेंटीमीटर जास्त कापून आत दुमडा. वरचा चौकोन उघडा सोडा, बल्ब तिथूनच आत जातो आणि गरम हवाही तिथूनच बाहेर पडते. कंदिलाच्या कडेच्या कागदी करंज्या आणि झिरमिळ्या अगदी शेवटी, नाहीतर बांधताना त्याच फाटतात.

आत 5 ते 7 वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब कागदाच्या कंदिलात लावू नका. कंदिलाचा भार वायरवर टाकायचा नाही, वेगळ्या दोरीने लटकवा. बाल्कनीत वायरला जोड दिलेला असेल तर तो छपराखाली आणा, पहाटेचं दव नुसत्या चिकटपट्टीतून आत उतरतं.