विमा एजंट व्हायचंय? आधी प्रपोजल फॉर्म भरायला शिका

नाशिकमध्ये सिडको, अंबड, सातपूर आणि तिकडे निफाड-पिंपळगावपर्यंत मी आयुर्विमा आणि मेडिक्लेमचं काम करते. दहावी-बारावी झालेल्या मुली, कंपनीतून ब्रेक मिळालेली पोरं, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले काका, सगळे मला एकच विचारतात: ताई, लायसन्स कसं काढायचं? ते सांगतेच. पण या कामात लायसन्स हा सोपा भाग आहे. अवघड ते पुढचं, आणि भरतीच्या मीटिंगमध्ये त्यावर कोणी फारसं बोलत नाही. म्हणून इथे त्यालाच जास्त जागा देते.

आधी कागद. वय १८ पूर्ण, दहावी पास, पॅन, आधार, फोटो, रद्द केलेला चेक. नावं मात्र सगळीकडे जुळली पाहिजेत. आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं आणि मार्कशीटवर तिसरंच नाव असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. बायकांचे कितीतरी महिने यातच जातात.

सगळे लायसन्स म्हणत असले तरी २०१५ साली विमा कायदा बदलल्यापासून एजंटला सरकारी लायसन्स मिळत नाही. आयआरडीएआय म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमांप्रमाणे विमा कंपनीच तुम्हाला नेमते, नेमणूकपत्र देते, एजन्सी कोड देते. एका वेळी आयुर्विम्याची एकच कंपनी घेता येते. तिच्या जोडीला एक जनरल आणि एक आरोग्य विमा कंपनी चालते. आयुर्विम्याच्या दोन कंपन्या लपवून चालवता येत नाहीत, कारण पॅनवरून सगळं तपासलं जातं.

त्यामुळे पहिला खरा निर्णय कंपनीचा, आणि त्याहूनही तुम्हाला भरती करणाऱ्या माणसाचा. एलआयसीचं विभागीय कार्यालय जुन्या आग्रा रोडला गोल्फ क्लब मैदानाजवळ आहे, शाखा शहरभर आहेत, खासगी कंपन्यांचीही ऑफिसं आहेत. प्रत्यक्ष जा. विकास अधिकारी किंवा मॅनेजर भेटले की विचारा: वर्षाला किमान किती धंदा द्यावा लागतो, तो झाला नाही तर कोडचं काय होतं, आणि तुमच्या हाताखालचे किती एजंट तीन वर्षांनंतरही काम करताहेत? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरा अधिकारी शोधा. क्लेमच्या वेळी ब्रँचमध्ये तुमच्यासोबत उभा राहणारा माणूस हाच असतो. ‘नेमणूक पक्की करतो, आधी एवढे रोख द्या’ म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या.

महिलांसाठी एलआयसीची विमा सखी योजना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये स्टायपेंड, कमिशन वेगळं. अट वर्षाला २४ पॉलिसींची, शिवाय आधीच्या वर्षीच्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू राहिल्या पाहिजेत. एलआयसीच्या एजंट किंवा कर्मचाऱ्याच्या जवळच्या नात्यातल्या बाईला हे मिळत नाही. पहिली दोन वर्षं घरात पैसे कमी येतात, तेव्हा या रकमेचा फार आधार होतो. पात्र असाल तर हाच रस्ता घ्या.

प्रशिक्षण २५ तासांचं, ते कंपनी देते. मग आयसी-३८ ही परीक्षा. कॉम्प्युटरवर एका तासात ५० प्रश्न, पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ उत्तरं बरोबर. चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. मराठीत देता येते. पुस्तक जाड असलं तरी विमायोग्य हित, परम सद्भाव, नॉमिनेशन आणि असाइनमेंट, कलम ४१ आणि ४५, केवायसी ही प्रकरणं नीट केली की निम्मी भीती जाते. फक्त गाडीचा विमा किंवा साधे प्लॅन विकायचे असतील तर पीओएसपी (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन) हा छोटा मार्ग आहे: १५ तास प्रशिक्षण आणि अंतर्गत परीक्षा.

कोड मिळाला की लोक लगेच प्लॅन पाठ करायला लागतात. तुम्ही प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीसाठी ग्राहकाने द्यायचा अर्ज, घ्या. कोरा फॉर्म स्वतःच्या नावाने भरा, मग आईच्या, मग सासऱ्यांच्या. सगळं काम या फॉर्मवर उभं आहे.

फॉर्ममध्ये विचारतात: बीपी, शुगर, ऑपरेशन, तंबाखू, दारू, आई-वडिलांचे आजार, आधीच्या पॉलिसी. पार्टी, म्हणजे ग्राहक, घाईत असते, ‘ताई, सगळं नाही लिहा’ म्हणते. तिथे थांबायचं. शिफ्ट सुटल्यावर अंबडच्या कारखान्याच्या गेटबाहेर उभ्या-उभ्या सह्या घेऊन फॉर्म भरू नका, घरी जा. बायकोसमोर बसलात की खरी माहिती मिळते. ‘गोळी चालू आहे का’ असं विचारलं तर ‘नाही’ येतं. त्यापेक्षा औषधांचा डबा दाखवायला सांगा. ‘तंबाखू खाता का’ याऐवजी ‘दिवसाला किती पुड्या लागतात’ विचारा. बायकांना मिश्रीबद्दल वेगळं विचारा, त्यांच्या मनात मिश्री म्हणजे तंबाखू नसते. खरं लिहिलं म्हणून हप्ता वाढेल, मेडिकल लागेल, कधी केस परतही येईल. येऊ द्या.

हे कशासाठी, तर विमा कायद्याच्या कलम ४५ साठी. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. पण तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर तो अर्ली क्लेम. मग हॉस्पिटलचे जुने पेपर, नोकरीच्या ठिकाणच्या रजेच्या नोंदी, सगळं निघतं. तेव्हा शुगर लपवल्याचा जाब द्यायला नवरा नसतो. कागद घेऊन बायको येते, आणि फॉर्मवर अक्षर तुमचं असतं.

ही तीन वर्षं पुन्हा सुरू होऊ शकतात, हे नव्या एजंटना माहीतच नसतं. हप्ता थकला, ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता भरायची जादा मुदत, गेला (वार्षिक, सहामाही, तिमाहीला ३० दिवस, मासिकला १५) की पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते. ती पुन्हा चालू (रिव्हायव्हल) करताना तब्येतीचं नवं डिक्लेरेशन द्यावं लागतं आणि तीन वर्षांची मोजणी तिथून परत होते. म्हणून हप्त्याची तारीख माणसाच्या हातात पैसा येतो त्या दिवसांत बसवायची. द्राक्षवाल्याच्या हातात पैसा फेब्रुवारी ते एप्रिल. ऑक्टोबर छाटणीला तो औषधं आणि मजुरीतच गुंतलेला असतो, त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरचा वार्षिक हप्ता देऊ नका. बचतीची पॉलिसी मार्च-एप्रिलमध्ये करा. टर्म, म्हणजे फक्त मृत्यूचं कव्हर देणारी पॉलिसी, मात्र थांबवू नका, तिचा हप्ता लहान असतो आणि घर तोवर उघडं राहता कामा नये. कायम कामगाराला पगारानंतरची तारीख आणि बँकेतून मासिक कपात बरी. कंत्राटी कामगाराचं दर महिन्याचं नक्की नसतं, त्याला दिवाळी बोनसनंतरचा वार्षिक हप्ता.

सातपूरला ‘कंपनीचा मेडिक्लेम आहे’ हे उत्तर रोज मिळेल. नोकरी गेली की तो जातो, एवढं शांतपणे समजावा. जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो, आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. तो नोकरीत असतानाच संपवलेला बरा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. जुन्या १८ टक्क्यांच्या हिशोबावर अडून बसलेल्यांना नवं कोटेशन काढून दाखवा.

ज्याला हप्ता परवडतच नाही त्याला बँकेत घेऊन जा. तिथे सरकारच्या दोन योजना आहेत: जीवन ज्योती ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत, दोन्हींत २ लाखांचं कव्हर, हप्ता वर्षाचा. सुरक्षा विमा मात्र फक्त अपघाताचा. यात तुम्हाला कमिशन नाही. तरीही न्या. मी नेते.

‘पहिला हप्ता तुम्ही भरा’, ‘कमिशनमधले अर्धे द्या’ हे तुम्हाला ओळखीतलेच म्हणतील. अशी सूट द्यायला मनाई करणारं कलम ४१ फॉर्मवरच छापलेलं असतं, १० लाखांपर्यंत दंड आहे. ते वाचून दाखवा आणि विषय संपवा. कमिशन किती, असं कोणी विचारलं तर खरा आकडा सांगायचा, तसा नियमच आहे. रोख हप्ता घेतला तर बँकेची सुट्टी वगळून २४ तासांत कंपनीत भरायचा, आणि पावती देईपर्यंत तो पैसा घरखर्चात मिसळू द्यायचा नाही.

प्रत्येक पॉलिसीमागे एक पान ठेवा: बाँड (पॉलिसीचा मूळ कागद) कुठे ठेवलाय, नॉमिनी कोण, नॉमिनीचं बँक खातं आहे का, घरातल्या दुसऱ्या कोणाला पॉलिसी माहीत आहे का. क्लेमला मृत्यू दाखला, मूळ बाँड, नॉमिनीचं केवायसी आणि रद्द चेक लागतो. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट. हे कागद दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत हरवतात. म्हणून मृत्यूनंतरच्या पहिल्या भेटीत फक्त झेरॉक्स काढून घ्या, सह्या नंतर. कंपनीने क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीकडेच लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. नाशिकची प्रकरणं पुण्याच्या ऑफिसात चालतात, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते. अर्ज नॉमिनीच्या सहीने जातो, तुम्ही तो भरायला मदत करा आणि सुनावणीच्या दिवशी तिला एकटं पाठवू नका.